सलूनच्या खिडकीखालची शेंदरी

मित्रांनो, सलूनच्या दाराजवळ, दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीला पाठ टेकून उभं असलेलं जुनं काटेरी झुडूप म्हणजे मी. रस्त्याने जाताना तुम्ही मला पाहिलं असेल, पण फार जवळ आला नसाल. माझे काटे सुईसारखे आहेत आणि ते कुणाचीही भीडभाड ठेवत नाहीत. नर्सरीत माझं एक लांबलचक नाव होतं, ते घरी येईपर्यंत सगळे विसरून गेले. पानगळीच्या दिवसांत बाकीची झाडं उघडी पडतात तेव्हा मला शेंदरी फळांचे घोस लागतात, म्हणून सलूनवाल्या मामी मला शेंदरी म्हणू लागल्या. तेव्हापासून मी स्वतःला बाईमाणूसच समजत आले आहे.

माझा जन्म बीमधून झालेला नाही. गावाबाहेरच्या नर्सरीतल्या बाईंनी उन्हाळा संपता संपता माझ्या आईची एक फांदी कापली, तिचे तुकडे ओल्या वाळूत खोचले आणि वरून प्लॅस्टिकचा कागद ओढला. माझ्याबरोबरच्या कितीतरी काड्या काळ्या पडल्या, काही बुडातून सडल्या. मला मुळं फुटली. तेव्हा कात्रीशी माझं जन्मापासूनचं नातं आहे. कापण्याबद्दल माझी सरसकट तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढची हकिगत ऐकताना तुमचा गैरसमज व्हायला नको.

कुंडीत मी बऱ्यापैकी वाढले, पण मला कुणी नेईना. लोक यायचे, गुलाबांपाशी रेंगाळायचे, माझ्याकडे हात करायचे आणि काटा लागला की "आई गं" म्हणून मागे सरायचे. नर्सरीवाल्या बाईंनी मला हळूहळू मागे, पाण्याच्या टाकीजवळ सरकवून ठेवलं. तिथे एके दिवशी मामी आल्या. त्यांना खिडकीखाली लावायला काहीतरी हवं होतं. त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर रिकामटेकडे येऊन बसायचे आणि आतल्या गिऱ्हाइकांच्या डोक्यांवर शेरे मारायचे.

माझा काटा मामींच्याही बोटात गेला. त्यांनी बोट तोंडात घातलं आणि हसून म्हणाल्या, "ही बरी आहे. हिच्या अंगावर कुणी बसणार नाही."

"चिवट आहे हो," नर्सरीवाल्या बाई म्हणाल्या. "थंडी, बर्फ, कोरडी जमीन, सगळं सोसते. फक्त एक सांगते. यंदा जी फांदी वाढते ना, तिला फुलं पुढच्या वर्षी येतात. आणि फुलं आली तरच फळं. दिसली फांदी की काप, असं केलंत तर नुसती पानं बघत बसाल. कापायचंच असेल तर पाखरांनी फळं खाऊन टाकल्यावर, आणि तेही बेताबेताने."

मामींनी मान डोलावली. हे एवढं बोलणं ऐकायला मामा तिथे नव्हते. ते सलूनमध्ये कुणाची तरी दाढी करत होते. माझ्या आयुष्यात पुढे जे झालं ते सगळं या एका गोष्टीमुळे झालं.

मामा आणि मामी हे माझे सख्खे नव्हेत, तसे ते कुणाचेच सख्खे मामा-मामी नव्हेत. सगळा रस्ता त्यांना मामा-मामी म्हणायचा, म्हणून मीही म्हणते. घर दोन खोल्यांचं. रस्त्याकडच्या एका खोलीत सलून, शेजारच्या खोलीत संसार, आणि दोन्हींच्या खिडक्या रस्त्यावर उघडणाऱ्या. मामींनी त्या दोन खिडक्यांच्या मध्ये खड्डा खणला, तळाशी विटांचे तुकडे टाकले, आणि त्यावर सलूनमधून झाडून काढलेले केस पसरले. केसांचं खत चांगलं होतं, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यानंतर वर्षानुवर्षं ते खत मला मिळत राहिलं. अर्ध्या गावाच्या डोक्यावरचं पीक माझ्या मुळाशी जिरलं आहे. पोस्टमास्तरांचे पांढरे, शाळेतल्या बाईंच्या लेकीचे कुरळे, बेकरीवाल्याचे पिठाने माखलेले. कुणाचे केस गळू लागले की माझी आबाळ होते, अशी मामा थट्टा करायचे.

पहिल्याच हिवाळ्यात असा काही गारठा पडला की रस्त्यावरचा नळ फुटला. शेजाऱ्यांच्या कुंडीतली सगळी झाडं गेली. माझी थोडी पानं करपली, बाकी मी जशीच्या तशी. मामी रोज सकाळी टॉवेल वाळत घालायला बाहेर यायच्या आणि आधी माझ्याकडे बघायच्या. आहे ना अजून, एवढी खात्री करून मग टॉवेलांकडे वळायच्या. मला तेव्हा फार बरं वाटायचं.

मग मला फळं लागली. पहिल्या वर्षी मूठभर, दुसऱ्या वर्षी फांद्या वाकतील इतकी. उन्हाळ्याच्या तोंडावर पांढऱ्या फुलांचे गुच्छ, मग हिरवे मणी, आणि हवा थंड व्हायला लागली की मण्यांवर हळूहळू रंग चढायचा. आधी पिवळट, मग नारिंगी, मग भडक शेंदरी. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. कुणी पत्ता विचारला तर लोक सांगायचे, "ते लाल-नारिंगी झुडूप दिसतंय ना, त्याच्या शेजारचं दार." थंडी वाढली की काळ्या पाखरांचे थवे यायचे आणि फळं खाऊन धुंद व्हायचे. मामी काम टाकून खिडकीत उभ्या राहायच्या. "अहो, बघा तरी, ते जाडं पाखरू आज परत आलंय," असं म्हणून मामांना हाक मारायच्या. मामा हातात वस्तरा घेऊन, अर्ध्या गालावर साबण लावलेलं गिऱ्हाईक तसंच सोडून बघायला यायचे.

पाखरांनी मला रिकामं केलं की मामी जुन्या कात्रीने माझ्या चार-दोन आडव्यातिडव्या फांद्या काढायच्या. बस, तेवढंच. मामांचे हात मात्र शिवशिवायचे. माझं ते वेडंवाकडं वाढणं त्यांच्या डोळ्यांत खुपायचं.

"जरा कडेकडेने सारखं करू का?" ते विचारायचे.

"हात लावून बघा!" मामी म्हणायच्या. "तुमची कात्री डोक्यांपुरती. इथे नाही चालायची."

"अगं, पण दुकानासमोर असा पिंजारलेला अवतार बरा दिसतो का?"

"तिला शोभतो."

मग दोघंही हसायची. ही थट्टा त्यांच्यात दरवर्षी व्हायची, आणि थट्टेतच राहायची. का नाही कापायचं, हे मामांनी कधी विचारलं नाही. मामींना वाटायचं, आपण सांगितलेलंच आहे. संसारात असं पुष्कळदा होतं म्हणे. आम्हा झाडांना संसार नसतो, म्हणून मी त्यावर जास्त बोलत नाही.

मामींचं दुखणं आलं ते एका सकाळी. टॉवेलांची बादली घेऊन त्या बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या हातातून बादली सुटली. त्या माझ्या शेजारी, भिंतीला धरून, हळूहळू खाली बसल्या. उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. मामा धावत आले तेव्हा त्यांच्या हातात कंगवा तसाच होता आणि तोंडून शब्द फुटत नव्हता. मामींच्याही नव्हता. फरक एवढाच की मामांचे शब्द थोड्या वेळाने परत आले.

दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा माझी फळं रंगू लागली होती. खिडकीजवळ पलंग लावला होता. मामींना समजत सगळं होतं, पण बोलता येत नव्हतं. उजवा हात उशीवर ठेवाल तसा पडून राहायचा. त्यांची लेक दूरच्या गावाहून येऊन काही दिवस राहिली, पण तिचीही नोकरी होती. मामा सकाळी मामींचं आवरायचे, सलून उघडायचे, आणि दर गिऱ्हाइकामागे एकदा शेजारच्या खोलीत डोकावून यायचे.

घरी येऊन व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी कितीही सांगितलं तरी मामी डावा हातसुद्धा उचलायच्या नाहीत. नुसत्या छताकडे बघत राहायच्या. मग एका सकाळी ते जाडं पाखरू आलं. माझ्या सगळ्यात भरलेल्या फांदीवर बसलं, आणि फांदी त्याच्या वजनाने खाली गेली. काचेपलीकडे मामींनी डावा हात उचलला आणि त्याच्याकडे बोट केलं.

व्यायामवाल्या बाई मामांना म्हणाल्या, "हे बघा, औषध तुम्हाला सापडलंय. ज्यात जीव रमतो ते डोळ्यांसमोर ठेवा. माणूस त्यासाठीच धडपडतं."

त्या हंगामात मामी रोज त्या बोटाने पाखरं दाखवू लागल्या. मग उशीला टेकून बसू लागल्या, मग डाव्या हाताने चमचा धरू लागल्या. मामांचा जीव जरा भांड्यात पडला. थंडीच्या शेवटी पाखरांनी मला साफ केलं, तेव्हा मामा खिडकीत उभे राहून म्हणाले, "काळजी करू नकोस. पुढच्या वर्षी याच्या दुप्पट फळं आणतो की नाही बघ. आता या शेंदरीचं सगळं मीच करणार."

मित्रांनो, ते खोटं बोलत नव्हते. मामींना खिडकीतून फळं दिसली पाहिजेत, याशिवाय त्या माणसाला दुसरं काही नको होतं.

आणि गारठा ओसरल्याबरोबर ते कात्री घेऊन आले.

कात्री सलूनमधली होती, चांगली, धार लावलेली. कंगवाही आणला होता. हसू नका, खरंच आणला होता. माझ्या फांद्या कंगव्याने वर उचलून ते टोकं कापत गेले. अगदी मायेने, कुठे ओरखडा न काढता. त्या टोकांवर माझ्या फुलांच्या बारीक गाठी आलेल्या होत्या. त्या एकेक करून खाली पडत होत्या, आणि मला ओरडता येत नव्हतं.

आतून काचेवर टकटक झाली. मामी डाव्या हाताच्या बोटाने काच वाजवत होत्या आणि मान हलवत होत्या.

आता इथे तुम्हाला सलूनमधली एक रीत सांगायला हवी. कटिंग झालं की मामा बाजूला होऊन गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचे. तोंड खुललं तर ठीक. गिऱ्हाइकाने नाक मुरडलं तर त्याचा अर्थ एकच, केस अजून जास्त राहिलेत. म्हणजे पुन्हा कात्री. जन्मभर त्यांनी माणसांच्या चेहऱ्यावरची नापसंती अशीच वाचली होती आणि त्यात त्यांचं कधी चुकलं नव्हतं.

मामा बाजूला झाले आणि मामींच्या तोंडाकडे बघितलं. मामींच्या डोळ्यांत पाणी होतं.

"नाही आवडलं? अजून थोडं कमी करू?" त्यांनी विचारलं आणि आणखी कापलं.

मामींनी काच जोराने वाजवली. मामांनी डाव्या बाजूचं आणखी कापलं. मामींनी तोंड फिरवलं. मामा घाबरले आणि त्यांनी मला चौफेर इतकं सारखं केलं की माझी पेटीच झाली, वरून सपाट, कडांना धारदार. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाने तोंडभरून कौतुक केलं. बेकरीवाला म्हणाला, "वा मामा! काय हात आहे! माझेही असेच कापा." माझं एवढं कौतुक मला फळं लागत होती तेव्हाही झालं नव्हतं.

त्या वर्षी मला एकही फूल आलं नाही.

पानगळ आली आणि माझ्या अंगावर हिरव्या पानांशिवाय काही नव्हतं. पाखरं आली, भिंतीवर बसली, इकडेतिकडे बघून निघून गेली. मामा रोज सकाळी पानं बाजूला करून आत डोकावायचे, जसं काही फळं लपून बसली असतील. लेक आली तेव्हा म्हणाली, "बाबा, यंदा फळं नाहीत?"

"थंडी फार पडली ना गेल्या वर्षी," मामा म्हणाले. याहून कितीतरी वाईट थंडी मी सोसली होती, पण माझं कोण ऐकणार!

मग सल्ल्यांना ऊत आला. खुर्चीत बसलेला प्रत्येक जण झाडांचा जाणकार निघाला. पोस्टमास्तर म्हणाले, माती दमली आहे. बेकरीवाला म्हणाला, राख घाला. एक रिक्षावाला म्हणाला, हवाच बिघडली आहे, त्याला काय करणार. मामांनी माती बदलली, राख घातली, कसलंसं पाणी आणून ओतलं. कात्रीकडे कुणीच बोट दाखवलं नाही. कशाला दाखवतील? माझं रूप इतकं देखणं होतं.

मामी आता खिडकीकडे पाठ करून झोपायच्या. चमचा पुन्हा मामांच्या हातात गेला. व्यायामवाल्या बाई आल्या की मामी डोळे मिटून घ्यायच्या. मामा सलूनमध्ये गिऱ्हाइकांशी बोलायचे, हसायचे, आणि गिऱ्हाईक गेलं की खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकून तसेच उभे राहायचे. मी ते काचेतून बघायचे. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला आणखी जपून, आणखी वेळ देऊन कापलं. मामी काच वाजवत राहिल्या, मामा सारखं करत राहिले. दुसराही हंगाम कोरडा गेला. माणसाच्या मायेचा एवढा राग मला त्याआधी कधी आला नव्हता, आणि ज्याचा राग यायचा त्याचीच कीवही यायची.

तिसऱ्या वर्षी, थंडी सरता सरता, मामांनी एक खटपट केली. चाकांची खुर्ची मागून आणली आणि मामींना बाहेर घेऊन आले. "आज तुझ्यासमोर कापतो," ते म्हणाले. "काचेतून नीट कळत नसेल. तू बघ आणि हाताने सांग, कुठे कमी, कुठे जास्त. तुझ्या मनासारखं करू."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ, अगदी हाताच्या अंतरावर लावली. मामींच्या गुडघ्यांवर शाल घातली. मग कंगव्याने माझी एक फांदी उचलली आणि कात्री उघडली.

मामींनी डावा हात पुढे केला आणि ती फांदी मुठीत धरली.

माझे काटे तुम्हाला माहीत आहेत. ते मामींच्या तळहातात शिरले. मला माझे काटे आत ओढून घेता आले असते तर मी घेतले असते, पण तसं आमच्या हातात नसतं.

"अगं, सोड! टोचेल!" मामा म्हणाले. "सोड ना. अगं, रक्त येतंय."

मामी सोडेनात. बोटांच्या फटीतून रक्त मनगटावर आलं. मामांनी त्यांची बोटं उलगडायला बघितलं, तशी मामींनी मूठ आणखी आवळली आणि सरळ मामांच्या डोळ्यांत बघितलं. त्या आता रडत नव्हत्या. चिडल्या होत्या. दुखणं आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जुन्या मामींसारखा दिसत होता, "हात लावून बघा" म्हणणाऱ्या.

मामांची कात्री तशीच उघडी राहिली. ते मामींच्या तोंडाकडे बघत होते, पण गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघावं तसं नव्हे.

"कापू नको म्हणतेस?" त्यांनी विचारलं.

मामींनी डोळे मिटून उघडले.

"हा... हा सगळा वेळ, तू काच वाजवायचीस ती... कापू नका म्हणून?"

मामींनी पुन्हा डोळे मिटले आणि मूठ उघडली. मामांनी कात्री खाली ठेवली आणि पायरीवर बसून मामींचा हात धुतला. एक काटा आत मोडला होता. तो त्यांना काही केल्या निघेना, शेवटी समोरच्या दुकानातल्या बाईंना बोलवावं लागलं.

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. दोन वर्षं दाबून ठेवलेली मी अशी काही सुटले की विचारू नका. एक फांदी दारावर गेली, एक पाटीवर, एक थेट रस्त्यावर. गिऱ्हाइकं कडेने, अंग चोरून आत यायची. "मामा, आमच्या डोक्यावर चार केस वाढले तर ओरडता आणि दुकानासमोर हे जंगल?" असं म्हणायची. मामा म्हणायचे, "तिला शोभतं." आणि खुर्चीवरचा टॉवेल झटकायचे.

पण फुलं यायची ती पुढच्या वर्षी, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे. त्या वर्षी आत, भिंतीलगत, कात्री जिथे पोचली नव्हती तिथे चार-दोन गुच्छ आले आणि त्यांची थोडी फळं झाली. मामी पुन्हा खिडकीकडे तोंड करून झोपू लागल्या. त्यांची तब्येत मात्र उतरत होती. लेक आली की मामांना बाजूला घेऊन हळू आवाजात बोलायची. डॉक्टर आले की बाहेर येऊन माझ्याजवळ उभे राहायचे आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवायचे. त्या हिवाळ्यात मी जेवढी भ्यायले तेवढी कधीच भ्यायले नाही. थंडी माझं काही करणार नव्हती. भीती होती ती वेळेची. फांदी वाढून झाली होती, तिच्यावर गाठी धरत होत्या, पण फळं पिकायला अख्खा उन्हाळा जायचा होता, आणि मला घाई करता येत नव्हती.

उन्हाळ्याच्या तोंडावर मी अशी फुलले की पानं दिसेनात. मग हिरवे मणी धरले. मामा सकाळी उठून आधी मामींचा श्वास बघायचे आणि मग बाहेर येऊन माझे मणी. "पिवळं पडायला लागलंय गं," ते खिडकीतून सांगायचे. "थोडा दम धर. थोडाच." हे ते कुणाला सांगत होते, मामींना की मला, ते मला आजही माहीत नाही.

मामींनी दम धरला. मी शेंदरी झाले.

त्या सकाळी मामांनी सलून उघडलंच नाही. खिडकीची दोन्ही दारं उघडली, मामींच्या पाठीशी उशा रचल्या आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले. मी खिडकीत इतकी झुकले होते की माझी एक फांदी पार आत आली होती. मामी बघत राहिल्या. हसल्या नाहीत, त्यांच्या तोंडाची ती बाजू हसत नव्हतीच. फक्त बघत राहिल्या, तहानलेल्या माणसाने पाणी प्यावं तशा. पाखरं आली. मामींचं बोट शालीवरच थोडं उचललं गेलं.

मामा एकदम हुंदका देऊन म्हणाले, "दोन हंगाम गं. तुझे दोन हंगाम मी माझ्या हाताने कापून टाकले. तू सांगत होतीस आणि मी कापत होतो."

मामींनी डावा हात सरकवत सरकवत त्यांच्या हातावर ठेवला. मामांचा तोच हात, कात्री धरायचा. तो त्यांनी थोपटला नाही की दाबला नाही. नुसता आपल्या हाताखाली ठेवून घेतला आणि पुन्हा पाखरांकडे बघू लागल्या.

मामींना तो एकच हंगाम मिळाला. तो मात्र सगळा मिळाला, शेवटच्या फळापर्यंत. पाखरांनी मला रिकामं केलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या.

थंडी ओसरली. एका दुपारी सलूनमध्ये कुणी नव्हतं. शेजारची खिडकी बंद होती. मामा कात्री घेऊन बाहेर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. हातांना सवय असते. कात्री दोनदा हवेतच वाजली.

मित्रांनो, खरं सांगते, त्या दुपारी त्यांनी मला कापलं असतं तरी माझी तक्रार नव्हती. एक हंगाम गेला असता तर गेला असता. त्या हातांना काहीतरी काम हवं होतं आणि माझ्याकडे फांद्या भरपूर होत्या.

मामा जवळ आले. एक फांदी दोन बोटांत धरून त्यांनी तिच्यावरच्या गाठी नखाने चाचपून बघितल्या. "काय गं," ते म्हणाले, "राहू दे का?"

मला उत्तर देता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते थांबले. उत्तर यायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ थांबले, मग कात्री खिशात घालून आत गेले.

माझं मागणं तेवढंच आहे. ज्याला बोलता येत नाही, त्याचं काही भलं करायला जाल तेव्हा, मग ते झाड असो, मुकं जनावर असो की तुमच्याच घरात अंथरुणावर पडलेलं माणूस, आधी त्याला विचारा. आणि विचारलंत की लगेच हात चालवू नका. थोडं थांबून बघा, ते काय म्हणतंय.